पितळेचे पातेले आणि तान्ह्याचे यकृत

एक-दोन पिढ्यांमागे 'मुलाचे यकृत वाढले आहे' हे शब्द कानी पडताच घरातील वडीलधाऱ्या माणसांचे चेहरे उतरत असत. रोगी बहुधा एक ते तीन वर्षांच्या वयाचा असे. प्रारंभी त्याच्या आजारात भय वाटावे असे काही नसे. मूल किरकिरे होई, खाण्यावरून त्याचे मन उडे, पोट थोडे फुगल्यासारखे दिसे, बारीक ताप येई आणि जाई. दात येत असतील, जंत झाले असतील, दृष्ट लागली असेल, अशा समजुतीत काही आठवडे निघून जात. मग एखादे दिवशी डॉक्टर पोट चाचपून पाहत आणि उजव्या बरगड्यांखाली त्यांच्या बोटांना एक कठीण, पातळ, पानाच्या कडेसारखी धारदार कड लागे. ती हाताला लागली की पुढचा क्रम जणू ठरलेलाच असे. पांथरी वाढे, डोळे पिवळे होत, पायांवर सूज येई, पोटात पाणी साचे आणि अखेरीस मूल गुंगीत जाई किंवा त्यास रक्तस्राव होई. कावीळ दिसू लागल्यावर बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. त्याहून दारुण गोष्ट ही की, एक मूल गेल्यावर त्याच घरातील पुढचे मूलही कित्येकदा त्याच वयात त्याच वाटेने जाई.

ह्या रोगास वैद्यकीय ग्रंथांतून 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' असे नाव मिळाले. मराठीत त्यास भारतीय बालयकृत् सूत्रण रोग म्हणता येईल. यकृतातील जिवंत पेशी मरत जातात, त्यांच्या जागी चिवट तंतू किंवा सूत्रे पसरतात आणि मऊ असलेले इंद्रिय कठीण होते, म्हणून सूत्रण. त्याचे वैद्यकीय वर्णन प्रथम १८८७ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध झाले. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे ह्या रोगाचे कारण कोणास सांगता आले नाही.

कारण शोधणाऱ्यांना चकविणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या. हा रोग भारतात आढळे आणि इतर देशांत क्वचितच दिसे, तेव्हा तो हवेचा किंवा कुपोषणाचा परिणाम असावा असे वाटे. परंतु अन्नाला मोताद झालेल्या घरांपेक्षा खाऊनपिऊन सुखी असलेल्या मध्यम वर्गातील, विशेषतः हिंदू कुटुंबांतील मुलांत तो अधिक दिसे. तो भावंडांत आढळे, तेव्हा आनुवंशिक असावा असे वाटे. परंतु पिढ्यांचे तक्ते मांडले असता आनुवंशिकतेच्या साध्या नियमांत तो नीट बसेना. कोणी विषाणूंवर संशय घेतला, कोणी बुरशीच्या विषावर. प्रत्येक तर्काला थोडा आधार होता आणि एकाही तर्काने औषध हाती येत नव्हते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना १९५६ साली झाली. तेथील विकृतिशास्त्रज्ञ व्ही. रामलिंगस्वामी आणि एन. सी. नायक ह्यांनी ह्या रोगाने ग्रासलेल्या यकृताचा दीर्घकाळ अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे चित्र विलक्षण होते. पेशी फुगून फुटत होत्या, एकेका पेशीभोवती सूत्रांचे जाळे विणले जात होते, आणि पेशींच्या आत मॅलरी ह्या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे काचेसारखे गोळे होते. हे गोळे वैद्यांच्या परिचयाचे होते खरे, परंतु ते पाहावयाची सवय होती ती वर्षानुवर्षे मद्य पिणाऱ्या प्रौढांच्या यकृतात! आईच्या मांडीवरच्या मुलाच्या यकृतात ते यावेत ह्याचा अर्थ एवढाच होता की, कोणते तरी विष ह्या पेशींना आतून जाळीत आहे. ते विष कोणते हे मात्र नेहमीच्या रंगद्रव्यांनी रंगविलेल्या कापांवरून समजत नव्हते.

उत्तर एका वेगळ्या रंगाने दिले. दगडफुलाच्या वर्गातील शैवाकांपासून ऑर्सीन नावाचे रंगद्रव्य मिळते. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील संशोधकांनी ह्या रोगातील यकृताचे काप ऑर्सीनने रंगविले, तेव्हा पेशींमध्ये गडद तपकिरी कण दाटीवाटीने भरलेले दिसले. तांबे साठवून ठेवणाऱ्या प्रथिनाचे हे कण होत. ह्या संशोधकांत स्टुअर्ट टॅनर हे बालरोगतज्ज्ञ होते. पुढल्याच वर्षी, १९७९ साली, यकृतातील तांब्याचे प्रत्यक्ष मोजमाप प्रसिद्ध झाले. आणि त्याच वर्षी दिल्लीचे नायक व अमेरिकेतील हान्स पॉपर आदी शास्त्रज्ञांनीही पेशींतील तांबे आणि त्याचा विषारी परिणाम ह्यांवर एकत्रित लेख लिहिला. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम शुष्क भागात तांबे साधारणतः ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. ह्या मुलांच्या यकृतात ते कित्येक शेकडे, पुष्कळदा हजाराच्याही वर भरले.

येथे तांब्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. तांबे हे स्वतः विष नव्हे. रक्त बनविण्यास, तंतू घट्ट करण्यास आणि श्वसनाच्या रासायनिक क्रियांस ते अल्प प्रमाणात लागतेच. जास्त झालेले तांबे यकृत पित्तावाटे आतड्यात टाकून देते; शरीराबाहेर जाण्याचा त्याचा मुख्य मार्ग हाच. तान्ह्या मुलाची गोष्ट मात्र निराळी आहे. आईच्या दुधात तांबे थोडे असते, म्हणून गर्भ शेवटच्या महिन्यांत आपल्या यकृतात तांब्याची शिदोरी बांधून घेतो. परिणामी नवजात बालकाच्या यकृतातील तांब्याचे प्रमाण प्रौढाच्या कितीतरी पट असते, आणि पुढील काही महिन्यांत ते हळूहळू उतरते. पित्तावाटे तांबे टाकण्याची शक्तीही ह्या वयात पुरती आलेली नसते. म्हणजे कोठार आधीच भरलेले आणि दार अरुंद! अशा वेळी बाहेरून आणखी तांबे येऊ लागले, तर ते जाणार कोठे?

परंतु ते येत होते कोठून? गाई-म्हशींच्या दुधातही स्वभावतः तांबे थोडेच असते. प्रयोगशाळेला न सुटलेला हा प्रश्न स्वयंपाकघरात जाऊन विचारावा लागला, आणि तो विचारला गेला पुण्यात. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात आनंद पंडित, शीला भावे आणि त्यांचे सहकारी ह्या मुलांवर उपचार करीत होते. टॅनर ह्यांच्यासमवेत त्यांनी आयांकडे चौकशी आरंभिली. बाळाला वरचे दूध कितव्या महिन्यापासून सुरू केले? ते कशात तापविले? तापविल्यावर किती वेळ त्याच भांड्यात राहिले? बाळाला ते कशाने पाजले? प्रश्न अगदी साधे होते. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिण्यासारखे त्यांत काही नव्हते. परंतु उत्तरे एकसारखी येऊ लागली: वरचे दूध पहिल्या काही महिन्यांतच सुरू झालेले, आणि भांडे पितळेचे. पशूच्या दुधातून लवकरच पोटात जाणारे तांबे हे ह्या रोगाचे संभाव्य कारण असावे, असा निष्कर्ष १९८३ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजारी मुलाच्या आईला भांड्याची आठवण अधिक ठळक राहत असेल, ही शंका कोणीही घ्यावी. म्हणून पुढे आजारी मुलांच्या जोडीला तुलनेसाठी निरोगी मुले घेऊन त्यांच्या आयांसही हेच प्रश्न विचारण्यात आले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या तुलनेतही पितळेच्या भांड्यातील दूध आजारी मुलांच्याच बाजूला अधिक दिसले.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त ह्यांचा मिश्रधातू. त्यात तांब्याचा वाटा मोठा असतो. पितळेशी आंबट पदार्थांचे वैर आहे हे आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. ताक किंवा चिंच घातलेली आमटी बिनकल्हईच्या भांड्यात ठेवली की ती कळकते, तिला चमत्कारिक चव येते, पोटात ढवळते. म्हणूनच कल्हईवाला दारावर आला की भांडी बाहेर निघत. भांडे तापवून, नवसागर फासून, वितळलेल्या कथिलाचा हात आतून फिरविला की पितळ झाकले जाई. परंतु कल्हई झिजते. आणि ज्या भांड्यात आंबट पदार्थ जावयाचे नाहीत त्याला ती करावयाची निकड वाटत नसे. दूध तर गोड! ते कळकत नाही, हिरवे पडत नाही. मग दुधाच्या पातेल्याची चिंता कोण करतो? परंतु दुधातील केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते. दूध पितळेत तापते, तासन्‌तास त्यातच निवते, पुन्हा तापविले जाते, आणि दर वेळी थोडे थोडे तांबे उचलते. प्रौढ माणसाने चहात घातलेल्या दुधाने काही बिघडत नाही. ज्याचे सगळे अन्नच ते दूध आहे, त्याची गोष्ट वेगळी.

रोगाची जुनी कोडी आता उलगडू लागली. भावंडांत तो आढळे, कारण पातेले तेच असे. खाऊनपिऊन सुखी घरांत तो अधिक दिसे, कारण दुभते जनावर आणि पितळेची भांडी त्याच घरांत असत. मोलमजुरी करणारी आई मुलाला दीर्घकाळ अंगावर पाजी. आणि येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या घरात पातेले राख आणि चिंच लावून आरशासारखे घासले जाई, त्या घरात धातूवरचा काळपट थर रोज निघे आणि रोज नवे तांबे उघडे पडे. ह्या मुलांच्या आया निष्काळजी नव्हत्या. दूध कमी पडते आहे असे वाटून बाळाचे पोट भरावे म्हणून झटणाऱ्या, भांडे लख्ख ठेवणाऱ्या बायका होत्या त्या. आणि मूल गेल्यावर पांढऱ्या पायाचा किंवा वाईट दुधाचा ठपका बहुधा त्यांच्याच माथी येई.

केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी गावोगावच्या लोकांस दुधासाठी पितळ वापरू नका असे सांगावयास प्रारंभ केला. त्याच सुमारास त्यांना एक अनाहूत साह्य मिळाले. जुन्या कपड्यांवर स्टेनलेस स्टीलची भांडी देणारी बोहारीण दारोदार फिरत होती, आणि पितळेची जड पातेली मोडीत निघून फळीवर स्टीलची चकचकीत भांडी येत होती. १९९२ साली पुणे व चंडीगढ येथील डॉक्टरांनी टॅनर ह्यांच्यासह लिहिलेल्या लेखात हा रोग टाळता येतो असे प्रतिपादन केले. नव्वदीच्या दशकात रुग्णालयांतून त्याचे रोगी झपाट्याने विरळ होत गेले, आणि आज बालरोगाचा अभ्यास करणाऱ्या तरुण डॉक्टरांपैकी बहुतेकांनी तो केवळ पुस्तकात पाहिलेला असतो.

'भारतीय' हे विशेषणही पुढे टिकले नाही. ऑस्ट्रियातील टिरोल ह्या डोंगराळ प्रांतात असाच एक रोग होता. १९०० ते १९७४ ह्या काळात जन्मलेली १३८ बालके तेथे यकृताच्या ह्याच प्रकारच्या विकाराने मरण पावली, हे १९९६ साली जुन्या नोंदींवरून उघड झाले. तेथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापविले जाई, आणि भांडी बदलताच रोग नाहीसा झाला. जर्मनीत ज्या घरांत विहिरीचे आम्लधर्मी पाणी तांब्याच्या नळांतून येई आणि त्याच पाण्यात बाळाचे दूध कालविले जाई, तेथेही असे काही रोगी आढळले. टिरोलमधील कुटुंबांच्या वंशावळी तपासता असे दिसले की, तांब्याच्या जोडीला एखादा आनुवंशिक दुबळेपणाही लागत असावा. हे पटण्यासारखे आहे. पितळेतील दूध भारतात लक्षावधी मुले प्याली. त्यांतील थोड्यांनाच रोग झाला.

शास्त्रात निकाल एवढ्याने लागत नाही. ज्यांनी ह्या रोगाचा आयुष्यभर अभ्यास केला ते नायक आणि मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ ए. आर. चितळे ह्यांनी २०१३ साली लिहिलेल्या लेखात तांब्याच्या उपपत्तीविषयी गंभीर शंका घेतल्या. पित्ताचा प्रवाह अडला की कोणत्याही यकृतात तांबे साठू लागते. मग साठलेले तांबे हे कारण की परिणाम? हा प्रश्न वाजवी आहे. तथापि इतर यकृतविकारांत तांबे एवढ्या प्रमाणात क्वचितच साठते, आणि निरनिराळ्या देशांत भांडे जाताच रोगही गेला, ह्यामुळे पारडे तांब्याच्या बाजूस झुकते असेच म्हणावे लागेल. तांब्याच्या भांड्यातील पाणी पिण्याची आवड अलीकडे पुन्हा वाढली आहे. मोठ्या माणसांच्या आवडीनिवडीशी प्रस्तुत विषयाचा संबंध नाही. परंतु त्या भांड्यातील पाणी किंवा दूध वर्षाच्या आतील बाळास देऊ नये.

आज दिल्लीत किंवा पुण्यात एखादे लहान मूल कठीण यकृत घेऊन आले, तर डॉक्टरांस प्रथम इतर रोग वगळावे लागतात, आणि त्यांत वयाला फार महत्त्व असते. जन्मल्यावर दोन आठवडे उलटले तरी बाळ पिवळेच आहे आणि शी पांढुरकी होत आहे, तर पित्तनलिका बंद असल्याचा संशय घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ह्या रोगावरची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाल्यास यशाची आशा अधिक असते. दूध सुरू होताच वांत्या व कावीळ झाली, तर दुधातील साखर न पचण्याचा एक जन्मजात दोष संभवतो, आणि तेथे दूध बंद करणे हाच पहिला उपचार होय. तांबे साठविणारा दुसरा एक आनुवंशिक विकार विल्सन ह्यांनी १९१२ साली वर्णिला. परंतु तो तीन वर्षांच्या आत सहसा डोके वर काढीत नाही. रक्तातील तांबेवाहू प्रथिन, सेरुलोप्लाझ्मिन, विल्सनच्या रोगात बहुधा कमी असते. बालयकृत् सूत्रणात ते कमी नसते. अखेरचा निर्णय यकृताचा सुईने काढलेला कणभर तुकडाच देतो. दुखावलेल्या यकृताच्या मुलाचे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून ही परीक्षा करण्यापूर्वी रक्त गोठण्याचा काळ पाहावा लागतो आणि जीवनसत्त्व 'के' द्यावे लागते. काही मुलांत धोका इतका असतो की, सुई न घालता केवळ लक्षणांवर आणि घरच्या हकिगतीवर भिस्त ठेवावी लागते.

उपचारासाठी जे औषध वापरले गेले ते विल्सनच्या रोगाकडून उसने घेतलेले होते. केंब्रिजच्या जॉन वॉल्श ह्यांनी १९५६ साली पेनिसिलामाइन प्रथम त्या रोगात वापरले. हे द्रव्य तांब्यास पकडते आणि लघवीवाटे बाहेर नेते. ते रिकाम्या पोटी द्यावे लागते, आणि देताना डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. कारण त्याने अंगावर पुरळ उठू शकते, मूत्रपिंडे दुखावून लघवीतून प्रथिने जाऊ शकतात, रक्तातील पेशी घटू शकतात. पुण्यात ह्या औषधाची रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. कावीळ आणि जलोदर घेऊन आलेल्या मुलांना औषध बहुधा वाचवू शकले नाही. जी मुले त्यापूर्वी, केवळ कठीण यकृत आणि किरकिर एवढ्याच लक्षणांवर ओळखली गेली, त्यांच्यापैकी मात्र पुष्कळ जगली.

त्या मुलांचा पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला आणि १९९६ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सूत्रण झालेले यकृत पुन्हा सुधारत नाही असे पूर्वी मानले जाई. ह्या मुलांच्या यकृताचे ठराविक काळाने घेतलेले तुकडे क्रमाने पाहिले असता, पेशींचा दाह प्रथम शमलेला दिसला, नंतर सूत्रे विरत गेली, आणि काहींच्या बाबतीत शेवटचा तुकडा जवळजवळ निरोगी यकृतासारखा आढळला. विल्सनच्या रोग्यास औषध जन्मभर घ्यावे लागते. ह्यांच्यातील काही मुलांचे पेनिसिलामाइन थांबविण्यात आले, आणि रोग परत आला नाही.